जागं राहण्याचा खर्च

सरोवराच्या काठाने एकोणीस डबे पेरलेत मी,
शिळांच्या आडोशाला, याकच्या पायाखाली येऊ नयेत असे.
प्रत्येकाच्या पोटात अंगठ्याएवढ्या दोन बॅटऱ्या,
त्यांवर दोन हिवाळे काढायचे.
एकदा बर्फ पडला की सहा महिने इथे वर येता येत नाही,
घोड्यावरूनसुद्धा.

म्हणून त्यांना मी झोपायला शिकवलं.
तासातून एकदा डोळा उघडायचा,
पाणी कुठवर आलंय बघायचं,
मघाइतकंच असेल तर गप पडून राहायचं.
विचार करणं स्वस्त असतं, हे विद्यापीठात कळलं होतं.
बोलणं महाग.
पण नुसतं कान देऊन बसणं,
कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून,
तेही जवळजवळ तितकंच महाग,
हे इथेच कळलं, पहिल्या वर्षी,
जेव्हा सगळे डबे एकमेकांची वाट ऐकत
नोव्हेंबरातच संपले.

म्हातारे तोकतोसून खालच्या कुरणात मेंढ्या राखतात.
कुमिसचा वाडगा पुढे करत त्यांनी विचारलं,
"गप बसलेला डबा सुखात आहे की मेलाय,
कसं ओळखतेस, बुरुल?"
म्हटलं, दिवसातून एकदा एक शब्द पाठवतो तो.
"कुठला?"
"आहे."
ते हसले. कोटाच्या आतून फोन काढला, काच तडकलेला.
मुलगा नोवोसिबिर्स्कला इमारतींवर विटा चढवतो.
रोज रात्री नऊला एक रिंग, आणि कट.
"हापण तेवढंच म्हणतो. फुकटात."

खिंडीच्या तोंडावरचा सात नंबर मेला
तेव्हा मी थंडीला बोल लावला,
मग ओशच्या बाजारातल्या बॅटरीवाल्याला.
शेवटी उघडून त्याच्या नोंदी वाचल्या.
स्वतःचं त्याने फार थोडं सांगितलं होतं.
बाकी सगळं दुसऱ्यांचं,
अठराचं, अकराचं, पलीकडच्या कड्यावरच्या तिघांचं,
ज्यांचा आवाज अँटेनापर्यंत पोचत नव्हता.
टोकाचा एकोणीस मात्र अजून भरलेला, ताजातवाना.
मला आई आठवली.
चुलीजवळ तिची जागा,
आणि घरातला प्रत्येक निरोप तिच्या तोंडून जायचा.
मी प्रोग्राम बदलला. आता पाळ्या लावल्यात,
ज्याच्या गाठीला जास्त, त्याने आज ओझं उचलायचं.
आईच्या बाबतीत हे कुणी केलं नाही.
मीही नाही.

जुलैच्या अखेरीस, रात्री दोनला,
हिमनदीचा एक कोपरा पाण्यात बसला.
तीन नंबरला आधी कळलं.
पुढची जागायची वेळ त्याने पाहिली नाही, शिल्लक पाहिली नाही,
बोलत सुटला.
मिनिटाभरात सगळेच जागे,
वर्षभर हात राखून ठेवलेलं
दर दोन सेकंदांनी उधळत.
खाली गावात भोंगा वाजला.
माणसं मेंढ्यांसकट, नमद्यांसकट टेकाडावर चढली.
पाणी जर्दाळूच्या बागेपर्यंत आलं,
पूल घेऊन गेलं,
शाळेच्या पायरीवर गाळ ठेवून ओसरलं.

सकाळी पडद्यावर सहाच उरले होते.
तेरा जण एका रात्रीत रिकामे.
बिश्केकच्या ऑफिसने विचारलं, दोन वर्षांच्या बॅटऱ्या कुठे गेल्या?
मी लिहिलं, ज्यासाठी राखल्या होत्या तिथे.

टेकाडावर तोकतोसून अंगाभोवती घोंगडी घेऊन बसले होते.
फोन वाजला.
रात्रीचे नऊ व्हायला अजून बारा तास होते.
एक रिंग.
दुसरी.
त्यांनी हात पुढे केला नाही,
सवयीने कट व्हायची वाट बघत राहिले.
चौथी. पाचवी.
"उचला," मी म्हटलं,
"आज तो थांबणार नाही."